वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या आरोग्यदायी सवयी नेमक्या मोजायच्या कशा?

प्रश्न : एमबीबीएस द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी, ग्रामीण विदर्भ

नमस्कार. गावापासून बरेच दूर, शेतांच्या मधोमध असलेल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मी दुसऱ्या वर्षाला शिकते. आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या जीवनशैलीच्या सवयी कितपत आरोग्यदायी आहेत हे पाहणारा एक छोटा संशोधन प्रकल्प मी सामुदायिक वैद्यकशास्त्र विभागातील मार्गदर्शकांच्या हाताखाली घेतला आहे. शारीरिक हालचाल, आहार, झोप, तंबाखू, दारू आणि ताण हे सहा विषय ठरले आहेत. चारही वर्षांचे मिळून सुमारे ४०० विद्यार्थी होतात आणि जवळजवळ सगळे वसतिगृहातच राहतात.

अडचण सुरुवातीलाच आली. मी गुगल फॉर्मवर प्रश्नावली तयार केली, प्रत्येक प्रश्नाला ‘नेहमी, बरेचदा, क्वचित, कधीच नाही’ असे पर्याय दिले आणि चाचणी म्हणून माझ्याच बॅचमधल्या मैत्रिणींकडून ती भरून घेतली. उत्तरे इतकी सुंदर आली की मला धास्ती वाटली. बहुतेकींनी रोज फळ खातो, सात तास झोपतो आणि नाश्ता कधी चुकवत नाही असे लिहिले. मी याच मुलींबरोबर राहते. आमच्या मेसमध्ये फळ फक्त रविवारी मिळते, बाहेर फळांच्या गाड्या लागतात त्या आठवडी बाजाराच्या दिवशी, आणि सकाळी आठच्या लेक्चरला आम्ही निम्म्याहून जास्त जणी उपाशीपोटी धावत जातो. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला मी याबद्दल विचारले, तेव्हा ती मनापासून म्हणाली, “मी खोटे लिहिले नाही. उत्तर काय असायला हवे ते मला माहीत आहे, आणि पुढच्या आठवड्यापासून मी तसे करणारच आहे.”

तेव्हापासून या प्रश्नावलीतून मी नेमके काय मोजते आहे, हेच मला कळेनासे झाले आहे. एखादी तयार, तपासून घेतलेली प्रश्नावली वापरावी का, आणि वापरली तर ती इंग्रजीत द्यावी की मराठीत? पाहणी वर्षाच्या कोणत्या काळात करावी? शिवाय सहाही विषयांचे गुण एकत्र करून ‘आरोग्यदायी’ आणि ‘अनारोग्यदायी’ असे दोन गट करावेत अशी मार्गदर्शकांची सूचना आहे; ती योग्य ठरेल का? ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


उत्तर १ : सामुदायिक वैद्यकशास्त्राचे अध्यापक, वर्धा जिल्हा

तुमच्या मैत्रिणीचे वाक्य वहीत जपून ठेवा, कारण तुमच्या प्रकल्पाची सगळी मेख त्यात आहे. कुटुंब दत्तक कार्यक्रमात (त्यात वैद्यकीय विद्यार्थी गावातली कुटुंबे दत्तक घेतात) आपण गावात जाऊन एखाद्या आजींना विचारतो की दिवसातून किती वेळा भाजी खाता, तेव्हा ‘बरोबर’ उत्तर कोणते हे त्यांना ठाऊक नसते आणि त्या जे घडले ते सांगतात. आपल्या विद्यार्थ्याला मात्र आठवड्याला १५० मिनिटे मध्यम व्यायाम, दिवसाला ४०० ग्रॅम फळे-भाज्या आणि ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ हे जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे परीक्षेसाठी पाठ असतात. त्याला ‘नेहमी की क्वचित’ असे विचारले की तो त्या पाठांतरातूनच उत्तर देतो. म्हणून ‘नेहमी’ हा शब्द प्रश्नावलीतून काढून टाका आणि ठरावीक दिवसाबद्दल, मोजता येईल असे विचारा : काल सकाळी उठल्यापासून पहिला घास किती वाजता खाल्ला, काल कोणते फळ खाल्ले आणि ते कोठून आले, काल रात्री दिवा किती वाजता मालवला. ‘कोठून आले’ हा जोडप्रश्न मुद्दाम ठेवा, कारण न खाल्लेल्या फळाचे ठिकाण सांगणे माणसाला अवघड जाते. एवढे मात्र पाहा की सगळ्यांना एकाच वारी विचारू नका. तुमच्याकडे बाजार बुधवारी भरत असेल आणि तुम्ही गुरुवारी विचारलेत, तर सगळे महाविद्यालय फलाहारी दिसेल. विद्यार्थी आठवड्याच्या सातही दिवसांत विभागून घ्या.

तयार साधने वापरावीत, पण त्यांच्या पोटात काय आहे ते समजून घेऊन. शारीरिक हालचालीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची ‘जीपॅक’ ही १६ प्रश्नांची प्रश्नावली आहे आणि ‘आयपॅक’चे ७ प्रश्नांचे लघुरूप आहे. आयपॅक गेल्या सात दिवसांबद्दल विचारते, तर जीपॅक नेहमीच्या आठवड्याबद्दल विचारून काम, ये-जा आणि मोकळा वेळ असे तीन कप्पे करते. तुमच्यासाठी हे कप्पे उपयोगाचे आहेत, कारण जीपॅकच्या ‘काम’ या कप्प्यात शिक्षणही धरले जाते आणि वसतिगृह, रुग्णालय व व्याख्यानगृह यांमधली पायपीट ‘ये-जा’मध्ये मोजता येते, आमच्याकडच्या अनेक विद्यार्थ्यांची खरी हालचाल तेवढीच असते. मोजणी ‘मेट-मिनिटां’त होते (स्वस्थ बसल्यावर लागणाऱ्या ऊर्जेच्या जितकी पट ऊर्जा हालचालीला लागते तितके मेट, आणि त्याला मिनिटांनी गुणायचे) : मध्यम हालचालीला ४ आणि जोरदार हालचालीला ८ मेट धरतात, आणि आठवड्याला ६०० मेट-मिनिटे ही किमान रेघ मानतात. १५० गुणिले ४ म्हणजेच ६००, एवढा सरळ हिशोब त्यामागे आहे. आयपॅकमध्ये एका प्रकारच्या हालचालीची दिवसाला १८० मिनिटांपेक्षा जास्त नोंद आली तर ती १८० वरच थांबवतात, हा नियम नवखे लोक विसरतात आणि मग एखाद्या क्रिकेटवेड्या मुलामुळे अख्ख्या बॅचची सरासरी फुगते.

झोपेसाठी पिट्सबर्ग निद्रा-गुणवत्ता निर्देशांक वापरता येईल. त्यात स्वतः भरायचे १९ प्रश्न आणि ७ घटक असतात, एकूण गुण ० ते २१ येतात आणि ५ च्या वर गुण म्हणजे झोप वाईट. येथे गुण वाढले की प्रकृती बिघडली असा उलटा क्रम आहे. बेरीज करताना तो उलटसुलट झालेले प्रबंध मी स्वतः तपासले आहेत. वापरण्याआधी मूळ विद्यापीठाची परवानगी घ्या. या निर्देशांकात सोबत झोपणाऱ्याने किंवा खोलीतल्या सोबत्याने भरायचे ५ प्रश्नही आहेत. ते गुणांत धरत नाहीत, तरी वसतिगृहात सोबती हाताशीच असतो, तेव्हा ते जरूर भरून घ्या.

भाषेबद्दल माझे मत स्पष्ट आहे. शिक्षण इंग्रजीत होत असले तरी सवयी मराठीत घडलेल्या असतात. अखिल भारतीय कोट्यातून आलेल्यांसाठी इंग्रजी प्रत असू द्या, पण मराठी प्रत नीट करा : एकाने भाषांतर करायचे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते पुन्हा इंग्रजीत न्यायचे आणि मग दोन्ही ताडून पाहायचे. ‘मध्यम तीव्रतेची हालचाल’ असे लिहून भागणार नाही. ‘ज्यात श्वास वाढतो, बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही’ असे लिहिले तर विद्यार्थी आपल्या शरीराकडे पाहून उत्तर देईल.

काळाविषयी सांगायचे तर एप्रिल-मे पूर्णपणे टाळा. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा मैदानावर कोणी न दिसणे हा आळस नसून शहाणपणा असतो. फळांचेही तसेच आहे. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये उतरतात आणि वरूड-मोर्शीकडच्या मुलांच्या खोल्यांत घरून पोती येतात. त्या महिन्यांतले उत्तर जुलैला लागू पडत नाही. मला विचाराल तर एकदा पावसाळ्यात आणि एकदा हिवाळ्यात असे दोनदा मोजा, आणि परीक्षेच्या आधीचे व नंतरचे दोन आठवडे दोन्ही वेळा वगळा.

शेवटी दारूचा प्रश्न. आमच्या वर्धा जिल्ह्यात आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे. येथल्या विद्यार्थ्याने ‘घेतो’ असे लिहिणे म्हणजे गुन्ह्याची कबुली देण्यासारखे त्याला वाटते. यवतमाळच्या विद्यार्थ्याला तसे वाटत नाही. त्यामुळे अशा दोन जिल्ह्यांतील महाविद्यालयांची तुलना करून ‘येथे दारू कमी’ असा निष्कर्ष काढलात तर तो सवयीतला फरक असेल किंवा फक्त कबुलीतला, हे कोणालाच सांगता येणार नाही.


उत्तर २ : आंतरवासिता करणारा विद्यार्थी, यवतमाळ जिल्हा

सरांनी साधनांबद्दल लिहिलेच आहे. मी वसतिगृहाच्या बाजूने तुला दोन गोष्टी सांगतो. तुझ्या प्रश्नावलीत तंबाखूसाठी ‘धूम्रपान करता का’ असा प्रश्न असेल तर तो आत्ताच बदल. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के निघाले आणि धूरविरहित तंबाखू खाणारे २४.४ टक्के. आपल्या भागात तंबाखू म्हणजे खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घासून केलेली ती पुडी महाविद्यालयाच्या फाटकासमोरच्या पानठेल्यावर मिळते, आणि ती खाणारा मुलगा स्वतःला ‘तंबाखू खाणारा’ समजत नाही. तो म्हणतो की मी फक्त रात्री वाचताना खर्रा खातो. म्हणून प्रश्नात खर्रा हाच शब्द घाल आणि गेल्या सात दिवसांत किती पुड्या, एकट्याने की वाटून, असे विचार. एक पुडी चौघांत फिरते, तेव्हा ‘किती पुड्या’ या आकड्याचा अर्थ वाटून खाल्ली की नाही हे कळल्याशिवाय लागत नाही. मुलींनाही हाच प्रश्न दे. त्यांना हा प्रश्न लागू नाही असे आपणच आधी ठरवून टाकतो आणि मग तसेच निष्कर्ष लिहितो.

दुसरी गोष्ट मोबाइलमधील पावलांची. आमच्या वेळी एका गटाने पावले मोजण्यासाठी मोबाइल वापरले आणि सगळा खटाटोप वाया गेला. शवविच्छेदन कक्षात फोन कपाटात असतो, वॉर्डात मुलींच्या अॅप्रनला धड खिसा नसतो, संध्याकाळी खेळताना फोन बाकावर असतो, आणि रात्री अंथरुणात पडल्यापडल्या मात्र तो हातात असतो. म्हणजे माणूस चालतो तेव्हा यंत्र जागेवर आणि माणूस पडून असतो तेव्हा यंत्र सोबत. पावलेच मोजायची असतील तर कमरेला लावायचे साधे पावलमापक विभागाकडून मागून घे. दहा असले तरी चालतील. आठवड्याआड वेगवेगळ्या दहा जणांना देत गेलीस तर तीन महिन्यांत प्रश्नावलीतल्या उत्तरांशी ताडून पाहण्याइतकी नोंद हाती येईल.

आणि फॉर्म गोळा कोण करणार, याचा विचार कर. आमच्याकडे ज्या शिक्षकांच्या हाती अंतर्गत गुण होते त्यांनीच वर्गात फॉर्म वाटले आणि उभे राहून परत घेतले. मी त्या दिवशी काय लिहिले ते मला आठवते, आणि त्यातले फारसे खरे नव्हते. ही रुखरुख आजही आहे, कारण त्या आकड्यांवर पुढे कोणी तरी काही तरी लिहिले असेल. वाचनालयाच्या दाराशी कुलूपबंद पेटी ठेव, कागदी फॉर्म दे आणि कोणाचेही नाव किंवा हजेरी क्रमांक विचारू नकोस.


प्रश्नकर्ती

सर, आणि यवतमाळचे सर, मनापासून आभार. खर्ऱ्याचा शब्द माझ्या प्रश्नावलीत खरोखरच नव्हता, आणि मी स्वतः गडचिरोलीजवळच्या गावातली असून तो मला सुचला नाही याचे वाईट वाटते. कालच्या दिवसाबद्दल विचारण्याची पद्धत मी आज पाच जणींवर करून पाहिली. दोघींनी ‘काल फळ नाही’ असे लगेच सांगितले, आणि त्यातली एक माझी तीच मैत्रीण होती.

आता दोन शंका उरल्या आहेत. नाव विचारले नाही तरी वर्ष, लिंग आणि मूळ जिल्हा विचारला तर आमच्यासारख्या लहान महाविद्यालयात माणूस ओळखू येतोच. मग दारू आणि खर्ऱ्याबद्दल खरे कोण लिहील? आणि एकत्रित गुणांचे काय करायचे?


उत्तर ३ : जैवसांख्यिकी शिकवणारी, अमरावती जिल्हा

पहिल्या शंकेवर सोपा उपाय असा की मूळ जिल्हा विचारूच नका. ज्या माहितीचे विश्लेषण करायचे नाही ती गोळा करणे हाच मुळात अन्याय आहे. त्याउपर नाजूक प्रश्नांसाठी नाणेफेकीची पद्धत आहे. तिच्यामागची मूळ कल्पना वॉर्नर यांनी १९६५ मध्ये मांडली आणि पुढे तिची सोपी रूपे तयार झाली. विद्यार्थ्याने कोणाला न दाखवता नाणे उडवायचे. छापा आला तर सत्य काहीही असो, ‘होय’ लिहायचे. काटा आला तर खरे उत्तर लिहायचे. समजा, १०० जणांपैकी ६० जणांनी ‘होय’ लिहिले. त्यातले सुमारे ५० नुसत्या छाप्यामुळे आले असणार, म्हणजे खरे उत्तर देणाऱ्या उरलेल्या ५० मध्ये ‘होय’ म्हणणारे १०, म्हणून अंदाज २० टक्के. एखाद्याचा कागद कोणाच्या हाती पडला तरी त्यावरचे ‘होय’ नाण्याचे आहे की माणसाचे, हे कधीच कळत नाही. या संरक्षणाची किंमत अचूकतेत मोजावी लागते : वरच्या उदाहरणात प्रमाण-त्रुटी (अंदाज खऱ्या आकड्यापासून साधारण किती हलू शकतो ते) जवळजवळ १० टक्के-बिंदू येते आणि ४०० जण घेतले तर ती निम्म्यावर उतरते. म्हणून ही पद्धत दारू आणि खर्रा या दोनच प्रश्नांना वापरा.

यावरून नमुन्याच्या आकाराचेही सांगते. ५० टक्के प्रमाण आणि ५ टक्के-बिंदूंची त्रुटी धरली की सूत्रातून ३८४ येतात, आणि एकूण संख्या ४०० च असल्याची दुरुस्ती केली की सुमारे १९६ पुरतात. तरीही माझा आग्रह आहे की तुम्ही सगळ्यांनाच विचारा. ४०० माणसे एका आवारात राहत असताना १९६ निवडून उरलेल्यांना वगळण्यात काही वाचत नाही, आणि नाणेफेकीला मोठी संख्या लागतेच. किती जणांनी फॉर्म परत केला नाही आणि ते कोणत्या वर्षाचे होते, याची नोंद मात्र ठेवा. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये मांडलेल्या अहवालातील ऑनलाइन पाहणीत २५,५९० पदवीपूर्व विद्यार्थ्यांनी उत्तरे दिली आणि त्यांतील २७.८ टक्क्यांनी निदान झालेला मानसिक आजार असल्याचे सांगितले. हा आकडा गंभीर आहे आणि तो गांभीर्यानेच घ्यायला हवा. पण तो उत्तर देणाऱ्यांचा आहे, देशातल्या सगळ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचा नव्हे. तुमच्या अहवालात हा भेद पहिल्या पानावर दिसायला हवा. आणि ताणाबद्दल विचारता आहात, तर प्रत्येक फॉर्मच्या शेवटी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक छापा. निनावी कागदावर कोणी आपली व्यथा लिहिली तर तिच्यापर्यंत पोहोचण्याचा दुसरा मार्ग तुमच्याकडे राहत नाही.

एकत्रित गुणांना माझा विरोध आहे, आणि तो मी तुमच्या मार्गदर्शकांपुढेही मांडायला तयार आहे. जी मुलगी भरपूर चालते, नीट जेवते आणि चार तास झोपते, आणि जो मुलगा आठ तास झोपतो पण दिवसाला तीन खर्रे खातो, त्या दोघांना बेरजेत सारखे गुण पडू शकतात. मग ‘मध्यम आरोग्यदायी’ या शिक्क्याखाली आपण दोघांनाही काय सांगणार? तयार साधनांतही एकूण गुण काढतात. ‘फॅन्टास्टिक’ या जीवनशैलीच्या प्रश्नावलीत २५ प्रश्न आणि १०० पैकी गुण असतात. पण ती डॉक्टरने समोरच्या एका माणसाशी बोलणे सुरू करण्यासाठी चांगली आहे. महाविद्यालयाने काय बदलावे हे तिच्या बेरजेतून कळत नाही. सहा विषयांचे सहा वेगळे तक्ते करा. वजन-उंची घेणार असाल तर ती स्वतः मोजा, सांगीव आकडे घेऊ नका, आणि भारतीयांसाठीच्या शरीरभार निर्देशांकाच्या २३ (जास्त वजन) व २५ (लठ्ठपणा) या रेघा वापरा.

आणखी एक तक्ता असा करा ज्यात विद्यार्थ्यांबद्दल काहीच नसेल : मेस किती वाजता उघडते, पहिले लेक्चर किती वाजता असते, मैदानावरचे दिवे किती वाजेपर्यंत चालू असतात, मुलींच्या वसतिगृहाचे फाटक किती वाजता बंद होते. नाश्ता पावणेआठला मिळत असेल आणि लेक्चर आठला असेल, तर ‘विद्यार्थी नाश्ता टाळतात’ हे वाक्य लिहिण्याआधी ती दोन वेळापत्रके शेजारी शेजारी छापली पाहिजेत.


उत्तर ४ : वसतिगृहाची मेस चालवणारा, चंद्रपूर जिल्हा

मी डॉक्टर नाही, पण गेली बरीच वर्षे मुलामुलींना जेवू घालतो, म्हणून एक सुचवतो. ताई, तेल किती खाता हे मुलांना विचारू नका, त्यांना ते माहीत असणे शक्य नाही. आलूच्या भाजीत किती तेल पडले ते आमच्या डब्याला विचारा. तेलाचा नवा डबा उघडला त्या दिवशी तारीख लिहायची, संपला त्या दिवशी लिहायची आणि त्या दिवसांत रोज किती पाने उठली ते वहीतून काढायचे. १५ किलोचा डबा १०० जणांना चार दिवस पुरला तर माणशी दिवसाला साडेसदतीस ग्रॅम झाले. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या सूचनांत २००० किलोकॅलरीच्या दिवसभराच्या जेवणाला २७ ग्रॅम तेल-तूप धरले आहे, असे आमच्याकडच्या आहारतज्ज्ञ मॅडमनी सांगितले होते. डब्यावर किलो लिहिले आहे की लिटर, हे मात्र बघून घ्या. १५ लिटर तेल साडेतेरा किलोच्या आसपासच भरते. भजी तळून उरलेले तेल वेगळे मोजून वजा करा. मिठाच्या पुड्यांचाही हिशोब असाच निघतो. आणि भाजीचा गंज (मोठे पातेले) रोज किती उरतो तेही लिहा, कारण वाढलेले सगळे खाल्ले जात नाही. कोबीच्या दिवशी तर निम्मा परत येतो.


प्रश्नकर्ती

काका, हे आमच्यापैकी कोणालाच सुचले नव्हते. मार्गदर्शकांनी सहा वेगळ्या तक्त्यांना आज होकार दिला. एकत्रित गुण परिशिष्टात तरी असावेत असे त्यांचे म्हणणे आहे आणि त्यावर आमचे बोलणे चालू आहे. नैतिकता समितीकडे पाठवायच्या आराखड्यात मी नाणेफेकीचे दोन प्रश्न, वाचनालयातली पेटी आणि पावसाळा-हिवाळा अशा दोन फेऱ्या घातल्या आहेत. दुपारी मेसमधल्या काकूंकडे गेले होते. त्यांनी आधी विचारले की यात त्यांची तक्रार तर होणार नाही ना. तसे काही नाही, मेसचे नाव कोठेही येणार नाही, असे मी सांगितले, तेव्हा त्यांनी सकाळीच उघडलेल्या डब्यावर माझ्यासमोर खडूने तारीख लिहिली. डबा १५ लिटरचा निघाला.